तरंगणारा रणगाडा : ताडपत्री, लाटा आणि एक अवघड निर्णय



आमची शाळा आठवीपर्यंत आहे. आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' या पाठात प्लावक बल आणि आर्किमिडीजचं तत्त्व येतं. हा भाग शिकवताना दरवर्षी मी तेच करायचे. लिंबू बुडवायचं, मिठाचं पाणी करायचं, जहाजाचं चित्र दाखवायचं, झालं. यंदा मात्र एका मुलाने गावच्या जत्रेत घेतलेला प्लास्टिकचा रणगाडा वर्गात आणला आणि टबात सोडला. तो मस्त तरंगला. "बाई, खरा रणगाडापण तरंगतो!" असं त्याने जाहीर केलं. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. लोखंडाचा एवढा मोठा गाडा तरंगेल कसा?

मी म्हटलं, "तो खरं बोलतोय. पण अर्धंच."

त्या अर्ध्या खऱ्याचा पाठ आमचे तीन तास चालला. पहिल्या तासाला विज्ञान, दुसऱ्याला इतिहास. तिसऱ्या तासाला जे झालं ते कोणत्याच विषयात बसत नाही, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या वर्गात उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी गणित : रणगाडा तरंगायला किती पाणी सारायला हवं?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बनलेला शर्मन नावाचा रणगाडा फार वापरला गेला. पाण्यात उतरण्यासाठी तयार केलेल्या शर्मनचं वजन अंदाजे ३२ टन, म्हणजे ३२,००० किलो. आपल्या मालाने भरलेल्या ट्रकपेक्षाही जड.

फळ्यावर मुलांकडून असं गणित करून घेतलं :

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. १ घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वजन सुमारे १,०२५ किलो. म्हणून ३२,००० ÷ १,०२५ = साधारण ३१ घनमीटर.

रणगाड्याची लांबी साधारण ६ मीटर आणि रुंदी २.६ मीटर धरू. तळाचं क्षेत्रफळ ६ × २.६ = १५.६ चौरस मीटर. आता ३१ ÷ १५.६ = जवळपास २ मीटर.

म्हणजे चौकोनी डब्यासारखा धरला तरी हा रणगाडा तरंगायला २ मीटर पाण्यात बसायला हवा. वरचा फिरता घुमट सोडला तर रणगाड्याचा खालचा सगळा भाग साधारण तेवढाच उंच! म्हणजे काठ पाण्याला टेकणार. त्यातून झाकणं, फटी, इंजिनाच्या जाळ्या आहेतच. पहिल्या छोट्या लाटेलाच पाणी आत आणि गाडा तळाला.

इथे मुलांना थांबवून विचारलं, "आता काय कराल? वजन कमी करायचं नाही. तोफ काढायची नाही."

उत्तरं छान आली. टायरच्या ट्यूब बांधा, ड्रम बांधा, होडीवर ठेवा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, वाटीला काठ वाढवला तर?"

तेच तर केलं होतं.

कृती : वाटीचा काठ वाढवणे

साहित्य : मोठा टब किंवा घमेलं, स्टीलची वाटी, आयताकृती प्लास्टिकचा डबा (झाकणाशिवाय), बारीक खडे, दुधाची रिकामी पिशवी, चिकटपट्टी, कात्री.

१) वाटी पाण्यात सोडा. त्यात एकेक खडा टाकत जा. काठ पाण्याला टेकायला आला की खडे मोजून वहीत लिहा. आणखी दोन-तीन टाका, वाटी बुडेल.

२) वाटी कोरडी करा. दुधाच्या पिशवीची चार बोटं रुंद पट्टी कापून काठाभोवती उभी चिकटवा. फट राहू देऊ नका. आता पुन्हा खडे मोजा. पहिल्यापेक्षा बरेच जास्त मावतात. वाटीचं लोखंड वाढलं नाही, फक्त पाणी बाहेर ठेवणारी भिंत वाढली.

३) आयताकृती डब्यालाही अशीच भिंत करा आणि निम्म्यापेक्षा थोडे जास्त खडे भरा. आता टबात हाताने लाटा करा. आधी डब्याच्या लहान बाजूकडून, मग लांब बाजूकडून. कोणत्या वेळी भिंत आत वाकते आणि पाणी शिरतं ते बघा.

ही तिसरी पायरी गाळू नका. पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. आमच्याकडे डबा बहुतेक वेळा लांब बाजूने लाट आल्यावरच बुडाला. मुलं हसली, टाळ्या वाजवल्या. मी काही बोलले नाही.

ताडपत्रीची भिंत कोणाची कल्पना?

निकोलस स्ट्राउस्लर हे हंगेरीत जन्मलेले आणि पुढे ब्रिटनचे नागरिक झालेले अभियंता. त्यांनी रणगाड्याभोवती जलरोधक कॅनव्हासची घडीची भिंत लावायची युक्ती काढली. १९४१ मध्ये लंडनजवळच्या एका जलाशयात टेट्रार्क नावाच्या हलक्या रणगाड्यावर तिची चाचणी झाली. मग व्हॅलेंटाइन आणि शेवटी शर्मन रणगाड्यावर ती बसवली गेली.

रचना समजायला सोपी आहे. कॅनव्हासमध्ये रबराच्या ३६ उभ्या नळ्या होत्या. दाबाखालची हवा भरली की नळ्या ताठ होत आणि भिंत उभी राही. आतून लोखंडी टेकू लावत. मागे दोन पंखे होते, ते रणगाड्याच्या पट्ट्यांच्या फिरण्यावरच चालत. जमिनीवर पट्टे, पाण्यात पंखे, अशी दुहेरी चाल. म्हणून नाव डुप्लेक्स ड्राइव्ह, थोडक्यात डीडी. सैनिक गमतीने त्याला डोनाल्ड डक म्हणत. पाण्यातला वेग ताशी जेमतेम ७ किलोमीटर, म्हणजे आपण भरभर चालतो त्याहून थोडा जास्त.

किनाऱ्याला पट्टे टेकले की भिंत खाली पाडायची आणि तोफ लगेच मोकळी. दुरून बघणाऱ्या शत्रूला वाटावं की एखादी साधी बिनकामाची होडी येतेय, आणि होडीतून अचानक रणगाडा निघावा, हाच डाव होता.

पण आतल्या माणसांची स्थिती डोळ्यासमोर आणा. पाच जण. चालक पाण्याच्या पातळीखाली बसलेला. कमांडर घुमटामागे उभा राहून भिंतीवरून बघत दिशा देणार. समुद्र आणि त्यांच्यामध्ये फक्त कापड. भिंतीचा काठ पाण्याच्या वर एक मीटरही नाही. बुडालाच तर काही मिनिटं श्वास घेता यावा म्हणून प्रत्येकाला खास उपकरण दिलेलं होतं, आणि ते वापरायचं शिक्षणही.

पण समुद्रातून रणगाडे न्यायचेच कशाला?

हा प्रश्न इतिहासाच्या तासाला. उत्तरासाठी १९४२ मध्ये जावं लागतं. १९ ऑगस्ट १९४२ ला दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या दिएप या बंदरावर छापा घातला. उतरलेल्यांमध्ये सुमारे ५,००० कॅनडाचे सैनिक होते. त्यांच्या मदतीला चर्चिल रणगाडे होते, पण किनारा गोट्यांचा. गोटे पट्ट्यांत अडकले, पुढे काँक्रीटचे अडथळे. बरेचसे रणगाडे किनारा ओलांडूच शकले नाहीत आणि एकही परत आला नाही. कॅनडाचे ९०० हून अधिक सैनिक मारले गेले, जवळपास दोन हजार कैद झाले.

दिएपने दोन गोष्टी शिकवल्या. बंदरावर थेट चालून जाणं महाग पडतं, म्हणून मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरावं. आणि उघड्या वाळूवर पहिल्या सैनिकाबरोबरच रणगाडा हवा, नाहीतर मशीनगनसमोर माणसाला लपायला जागाच नाही.

त्यासाठी ब्रिटनने एक वेगळी डिव्हिजन घडवली, ७९ वी आर्मर्ड डिव्हिजन. प्रमुख होते पर्सी होबार्ट. या माणसाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यांचा जन्म १८८५ सालचा, आपल्या नैनितालचा, आणि तरुणपणी नोकरीही भारतात, बंगाल सॅपर्समध्ये. रणगाड्यांबद्दलची त्यांची मतं वरिष्ठांना पटेनात, म्हणून १९४० मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. मग हा मेजर जनरल गावच्या होमगार्डमध्ये साधा लान्स कॉर्पोरल म्हणून भरती झाला! चर्चिल यांनी त्यांना परत बोलावलं. सुरुंग झोडपणारे, खंदकावर पूल टाकणारे, मऊ वाळूवर कापडी रस्ता अंथरणारे असे अनेक विचित्र रणगाडे त्यांच्या डिव्हिजनने तयार केले. लोक त्यांना 'होबार्टच्या गमती' म्हणत. तरंगणारा रणगाडा त्यांतलाच एक.

सरावही सुखाचा नव्हता. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टडलंड उपसागरात सराव चालू असताना हवा बिघडली, काही व्हॅलेंटाइन रणगाडे बुडाले आणि सहा सैनिक मेले. म्हणजे खवळलेला समुद्र या कापडाला झेपत नाही, हे खऱ्या दिवसाच्या दोन महिने आधीच कळलेलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

६ जून १९४४ ची सकाळ

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचा हल्ला ५ जूनला ठरला होता. हवा वाईट म्हणून तो एक दिवस पुढे ढकलला. सहा तारखेलाही वारा होताच. पाच किनारे होते : युटा, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि सोर्ड. मुलांनी वहीत हा तक्ता केला, तुम्हीही करून घ्या :

• युटा : रणगाडे ठरल्यापेक्षा किनाऱ्याजवळ नेऊन पाण्यात सोडले. जमिनीच्या आडोशामुळे समुद्र तुलनेने शांत. सोडलेल्या २८ पैकी २७ पोहोचले.

• सोर्ड : इथेही अंतर कमी केलं. ३४ सोडले, त्यातले बहुतेक पोहोचले.

• गोल्ड आणि जुनो : लाटा पाहून अनेक रणगाडे थेट वाळूवर उतरवले, काही पाण्यातून गेले.

• ओमाहा : इथे दोन बटालियन होत्या. त्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागते.

ओमाहावर अमेरिकेच्या ७४१ आणि ७४३ क्रमांकाच्या रणगाडा बटालियनकडे प्रत्येकी ३२ तरंगणारे रणगाडे होते. दोघींना किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर रणगाडे पाण्यात सोडायचे होते. (मुलांना विचारा : ताशी ७ किलोमीटरने ५ किलोमीटर जायला किती वेळ? साधारण ४३ मिनिटं. ४३ मिनिटं कापडाच्या भरवशावर!) भिंत बनवली होती जेमतेम फूटभर लाटांसाठी. त्या सकाळी लाटा सहा फुटांपर्यंत होत्या.

७४१ च्या अधिकाऱ्यांनी आपसात बोलून रणगाडे सोडायचं ठरवलं. २९ रणगाडे पाण्यात उतरले. २७ बुडाले. दोन पोहून किनाऱ्याला लागले. एका नौकेवरचा पहिला रणगाडा गेल्यावर उरलेले तीन पाण्यात सोडलेच नाहीत, ती नौका त्यांना थेट वाळूपर्यंत घेऊन गेली. म्हणजे ३२ पैकी ५.

बुडण्याचं एक कारण आपल्या डब्याने आधीच सांगितलंय. प्रवाह आडवा ओढत होता. ठरलेल्या जागी पोहोचायचं तर रणगाडा वळवावा लागे, आणि वळवला की लाट लांब बाजूवर आदळे. भिंतीचे टेकू वाकत, कापड आत येई, पाणी शिरे. हे सांगितल्यावर वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता शेजारची बटालियन. ७४३ चे रणगाडे नेणाऱ्या नौकांचे प्रमुख होते नौदलाचे लेफ्टनंट डीन रॉकवेल. त्यांनी लाटा पाहिल्या, रणगाड्यांच्या कॅप्टनशी बोलले आणि ठरवलं : पाण्यात सोडायचे नाहीत. नौका थेट किनाऱ्यावर न्यायच्या, तोफांचा मारा झाला तरी. साडेसहाच्या सुमारास ते रणगाडे वाळूवर उतरले. पुढे त्यातलेही काही शत्रूच्या माऱ्यात गेले, युद्धच ते. पण बंदुका घेऊन वाळूवर पडलेल्या पायदळाला तोफांची साथ मिळाली. ७४१ च्या बाजूला उतरलेल्यांना ती फारच थोडी मिळाली. ओमाहा हा त्या दिवसातला सगळ्यात रक्तबंबाळ किनारा ठरला. याचं एकमेव कारण हे रणगाडे नव्हते, पण एक कारण नक्की होतं.

तिसरा तास

आमच्या भागात बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी सैन्यात आहे. वर्गातल्या एका मुलीचे वडील सध्या सीमेवर आहेत. ती सहसा बोलत नाही. तक्ता पूर्ण झाल्यावर तिने हात वर केला. "बाई, लाटा मोठ्या आहेत हे दिसत होतं ना? मग सोडले कशाला?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. 'चूक झाली' असं म्हणणं सोपं होतं. पण ऐंशी वर्षांनी, कोरड्या जमिनीवर, तक्ता समोर ठेवून चूक कोणालाही दिसते. म्हणून मी वर्गाचे दोन गट केले. एका गटाने 'सोडा' या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने 'सोडू नका' या बाजूने. अट एकच : त्या सकाळी नौकेवरच्या माणसाला जे माहीत होतं तेवढंच वापरायचं. पुढे काय झालं ते विसरायचं.

'सोडा' गटाचे मुद्दे :
– किनाऱ्यावरचे सैनिक आपली वाट बघतायत. उशीर झाला तर ते मरतील.
– हुकूम आहे, सगळी योजना त्यावर ठरलीय.
– नौका किनाऱ्याजवळ नेली आणि तिच्यावर गोळा पडला तर चारही रणगाडे एकदम जातील.

'सोडू नका' गटाचे मुद्दे :
– सरावात माणसं मेली होती, ते आठवायला हवं.
– आधी एकच सोडून बघा.
– पोहोचलाच नाही तर रणगाडा मदत कशी करणार?

शेवटचा मुद्दा रणगाडा घेऊन आलेल्या त्या मुलाचा होता.

मग त्या मुलीनेच स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "त्यांना वाटलं असेल, आपण थांबलो तर भित्रे ठरू." थोडं थांबून म्हणाली, "पण दुसरे साहेबपण भित्रे नव्हते. ते तर गोळ्यांच्या आणखी जवळ गेले."

मी एवढंच म्हटलं की दोन्हीकडच्या माणसांना आपल्या सैनिकांना वाचवायचंच होतं. धाडस दोघांकडे होतं. फरक एवढाच की एकाने ठरलेल्या योजनेवर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने समोरच्या समुद्राकडे पाहून योजना बदलली.

शाळेत आपण 'सांगितलं तसं कर' हे किती वेळा म्हणतो, हे त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात घोळत होतं.

थोडक्यात आणखी दोन गोष्टी

पॅसिफिक महासागरात वेगळंच यंत्र वापरलं गेलं. अमेरिकेत डोनाल्ड रोब्लिंग यांनी १९३० च्या दशकात फ्लोरिडाच्या दलदलीत वादळानंतर अडकलेल्या लोकांना वाचवण्यासाठी पट्ट्यांवर चालणारी आणि पाण्यात पोहणारी गाडी बनवली. तिचंच पुढे लष्करी वाहन झालं. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटावर साध्या नौका प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि सैनिकांना गोळ्यांच्या माऱ्यात पाण्यातून चालत जावं लागलं, तेव्हा या गाड्या कडा ओलांडून किनाऱ्यापर्यंत गेल्या. माणसं वाचवायला बनलेलं यंत्र युद्धात गेलं, यावर मुलांना लिहायला सांगा. चांगले निबंध येतात.

आणि आपल्या सैन्याचं काय? मुलं हे विचारणारच. १९७१ च्या युद्धात आपल्याकडे पीटी-७६ हे रशियन बनावटीचे पोहणारे रणगाडे होते. त्यांना कापडी भिंत लागत नाही. वजन १४ टनांच्या आसपास, अंग पोकळ आणि रुंद, म्हणून ते स्वतःच तरंगतात आणि मागे पाण्याचा झोत सोडून पुढे जातात. मात्र हलकं ठेवायचं म्हणजे चिलखत पातळ. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीच्या या रणगाड्यांनी पाकिस्तानच्या चाफी रणगाड्यांना हरवलं. 'पिप्पा' हा हिंदी चित्रपट याच लढाईवर आहे. पिप्पा म्हणजे तुपाचा रिकामा डबा. जवानांनी रणगाड्याला दिलेलं हे नाव आपल्या पाठाला किती चपखल बसतं बघा! हे रणगाडे समुद्रकिनाऱ्यासाठी नाही तर नद्यांच्या प्रदेशासाठी उपयोगी पडले, हा फरक मुलांना जरूर सांगा. जमलं तर सहल अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात न्या. प्रत्यक्ष पोलादाला हात लावल्यावर ३२ टन म्हणजे काय ते कळतं.

शिक्षकांसाठी सूचना

• गणित आधी, प्रयोग नंतर, गोष्ट शेवटी. क्रम उलटला तर मुलं फक्त युद्धात रमतात.
• बुडालेल्या रणगाड्यांचा आकडा सांगताना प्रत्येकात पाच माणसं होती हेही सांगा. त्यातली बरीच बाहेर पडून वाचली, सगळी नाही.
• ज्यांच्या घरातलं कोणी सैन्यात आहे त्या मुलांशी आधी बोलून घ्या.

पालकांसाठी

मोबाइलवरच्या खेळात रणगाडा फुटला की पुढचा मिळतो. तो खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. एकदा मुलाबरोबर बसून विचारा, "यात आत माणसं किती असतील?" आणि घरी वाटी, खडे, दुधाची पिशवी घेऊन वरचा प्रयोग करा. अर्धा तास लागतो.

फ्रान्समधल्या कुर्सेल गावात समुद्रकिनारी एक शर्मन रणगाडा ठेवलेला आहे. हल्ल्याच्या दिवशी बुडालेला, आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी समुद्रातून वर काढलेला. त्याचा फोटो मी वर्गात लावला. जत्रेतला रणगाडा आणणाऱ्या मुलाने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाई, भिंत कुठाय?"

लोखंड राहिलं, कापड गेलं, असं मी सांगितलं. त्याने वहीत रणगाड्याचं चित्र काढलं, भोवती पेन्सिलने भिंत काढली आणि आत पाच माणसं काढली.

तुमच्या वर्गात 'सोडा' आणि 'सोडू नका' या गटांनी कोणते मुद्दे मांडले ते नक्की कळवा.